बियाण्याच्या पिशवीला लेबल, सॉफ्टवेअरला का नाही?

वरवट बकाल (जि. बुलडाणा), प्रतिनिधी -

मृग नक्षत्र लागले, की संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकालच्या बाजारपेठेत सोयाबीन आणि कपाशीच्या बियाण्यांची खरेदी सुरू होते. सातपुड्याच्या पायथ्याशी, खारपाणपट्ट्याच्या कडेला असलेल्या या भागात शेतकऱ्याचे वर्षाचे गणित त्या एका खरेदीवर अवलंबून असते. म्हणूनच पिशवीवरचे लेबल महत्त्वाचे. वाण कोणता, लॉट क्रमांक कोणता, उगवणशक्ती किती टक्के, तपासणी कधी झाली, ही माहिती पिशवीवर असावी, अशी तरतूद १९६६ च्या बियाणे कायद्यात आहे. पिशवी, टॅग, पावती आणि थोडे बियाणे पीक हाती येईपर्यंत जपून ठेवा, असे कृषी विभाग दर हंगामात सांगतो. बियाणे उगवलेच नाही, तर दोष कोणाचा, हे त्या लेबलाच्या आधारे शोधता येते.

याच शेतकऱ्याच्या हंगामातील पुढची कामे मात्र आता मोबाइलवर होतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावरील पिकाची नोंद शेतकरी स्वतः ॲपद्वारे करू लागला. त्या नोंदीवर पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई आणि हमीभावाची खरेदी अवलंबून असते. २०२५-२६ च्या हंगामासाठी भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाने कापूस विकू इच्छिणाऱ्यांची नोंदणी 'कपास किसान' या ॲपवर घेतली. मालाचे पैसे बँकेच्या खात्यात येतात आणि किराणा दुकानातला व्यवहारही यूपीआयने होतो. बियाण्याइतकाच शेतकऱ्याचा हंगाम आता सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे. पण त्या सॉफ्टवेअरवर लेबल नाही. ते कशापासून तयार झाले, त्यातले कोणते घटक जुने, कोणते सदोष, हे वापरणाऱ्याला कळत नाहीच; अनेकदा ते विकत घेणाऱ्या संस्थेलाही सांगता येत नाही.

हा प्रश्न वरवर केवळ संगणक अभियंत्यांचा वाटतो. ३१ जुलै २०२४ रोजी मात्र तो थेट ग्रामीण भागातील बँकांच्या दारात येऊन उभा राहिला.

तीनशे बँका आणि एक अक्षर

त्या दिवशी भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याचे सांगून तिला किरकोळ देयक यंत्रणेपासून तात्पुरते अलग केले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि भारतीय स्टेट बँक यांच्या भागीदारीतील ही कंपनी प्रामुख्याने सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना बँकिंग यंत्रणा पुरवते. देशभरातील सुमारे तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि इतर व्यवहार त्यामुळे अडले. देशाच्या एकूण व्यवहारांत या बँकांचा वाटा अगदी थोडा असल्याने मोठ्या शहरांत त्याची फारशी चर्चा झाली नाही. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, सुरक्षा तपासणीनंतर जोडणी पूर्ववत करण्यात आली. खरिपाच्या ऐन हंगामात, खते आणि मजुरीचे पैसे देण्याच्या दिवसांत ज्यांचे खाते अशा बँकेत होते, त्यांच्या दृष्टीने मात्र तो एक दिवसही लहान नव्हता.

हल्लेखोर आत कसे शिरले, याचा शोध बंगळूरुच्या क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीने घेतला. तिच्या अहवालानुसार या साखळीची सुरुवात बँकेच्या प्रणालीत झालीच नव्हती. सी-एजबरोबर काम करणाऱ्या दुसऱ्या एका तंत्रज्ञान कंपनीतील, नीट बंदोबस्त न केलेल्या जेनकिन्स सर्व्हरपासून ती सुरू झाली. जेनकिन्स हे बँकिंगचे सॉफ्टवेअर नाही. प्रोग्रॅमरांनी लिहिलेल्या मजकुरातून चालते सॉफ्टवेअर बांधण्याचे, तपासण्याचे आणि पुढे पाठविण्याचे काम आपोआप करणारे ते एक साधन आहे. जगभरातील हजारो कंपन्या ते वापरतात.

जेनकिन्समधील तो दोष एका लहानशा घटकातून आला होता. आज्ञेच्या ओळीत दिलेली माहिती वाचण्यासाठी जेनकिन्स 'आर्ग्स-फोर-जे' नावाची तयार लायब्ररी वापरते. 'ॲट' चिन्हापुढे एखाद्या फाइलचे नाव आले, की ते चिन्ह आणि नाव यांच्या जागी त्या फाइलमधील मजकूर आणून ठेवायचा, अशी सोय या लायब्ररीत आहे आणि ती मुळातच चालू असते. जेनकिन्सने ती बंद केली नव्हती. परिणामी बाहेरच्या माणसाला सर्व्हरवरील फाइली वाचण्याचा मार्ग मोकळा झाला. हा दोष २४ जानेवारी २०२४ रोजी जाहीर झाला आणि दुरुस्त आवृत्त्याही त्याच दिवशी उपलब्ध झाल्या. हल्ल्याची बातमी आली ती त्यानंतर सहा महिन्यांनी. म्हणजे उपाय उपलब्ध होता. तो ज्या यंत्रावर करायचा त्या यंत्राकडे कोणाचे लक्ष नव्हते.

क्लासपाथ म्हणजे काय?

लक्ष का नव्हते, हे समजण्यासाठी सॉफ्टवेअर बांधले कसे जाते, हे थोडे पाहावे लागते. आजचा प्रोग्रॅमर सर्व काही स्वतः लिहीत नाही. तारीख वाचणे, नोंदवही ठेवणे, छायाचित्र लहान करणे, सर्व्हरशी बोलणे, अशा प्रत्येक कामासाठी जगात कोणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या लायब्ररी असतात. जावा या भाषेत प्रोग्रॅम चालू झाला, की त्याला लागणारे भाग कोठे शोधायचे, याची एक यादी संगणकाला द्यावी लागते. त्या यादीला क्लासपाथ म्हणतात. संगणक यादी वरून खाली वाचतो आणि हव्या त्या नावाचा जो भाग पहिल्यांदा सापडेल तो उचलतो. एकाच नावाचे दोन भाग यादीत असतील, तर कोणता आधी लिहिला आहे, यावर प्रोग्रॅमचे वर्तन ठरते.

पूर्वी ही यादी हाताने लिहीत असत. आता ते काम बिल्ड स्क्रिप्ट करते. सॉफ्टवेअर कसे बांधायचे, याच्या सूचनांची ती फाइल असते. जावाच्या जगात त्यासाठी आधी ॲन्ट, मग मेव्हन आणि पुढे ग्रेडल ही साधने आली. अँड्रॉइड मोबाइलवरील बहुतेक ॲप आज ग्रेडलने बांधली जातात. बिल्ड स्क्रिप्टमध्ये मुख्यतः दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. लायब्ररी कोणत्या भांडारातून आणायची, ही पहिली. आणि कोणती लायब्ररी, कोणत्या आवृत्तीची, ही दुसरी. प्रत्येक लायब्ररीची ओळख तीन भागांत लिहितात. तयार करणारी संस्था, लायब्ररीचे नाव आणि आवृत्तीचा क्रमांक. बियाण्याच्या पिशवीवरील कंपनी, वाण आणि लॉट क्रमांक यांच्याशी तिचे साम्य सहज लक्षात यावे.

फरक पुढे आहे. मागविलेली लायब्ररी एकटी येत नाही. तिला स्वतःला लागणाऱ्या आणखी लायब्ररी ती बरोबर आणते आणि त्या त्यांच्या. स्क्रिप्टमध्ये वीस नावे लिहिली, तर प्रत्यक्षात क्लासपाथवर शंभराहून अधिक येऊन बसणे ही नेहमीची बाब आहे. या गर्दीत एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या मागविल्या गेल्या, तर ग्रेडल साधारणपणे सर्वांत नवी आवृत्ती निवडते. मेव्हन मात्र मूळ प्रोग्रॅमला नात्याने जी जवळची ती घेते. म्हणजे तीच यादी दोन साधनांना दिली, तर हाती येणारे सॉफ्टवेअर वेगळे असू शकते.

वीट आणि सेंट्रिंग

एवढ्यावरच गोष्ट थांबत नाही. घराचा स्लॅब टाकताना विटा, सळई, सिमेंट लागते. त्याबरोबर सेंट्रिंगही लागते. स्लॅब पक्का झाला, की सेंट्रिंग काढून नेतात. घरात ते राहत नाही. पण ते वाकडे असेल, तर स्लॅब वाकडा होतो. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. तयार ॲपमध्ये जाणाऱ्या लायब्ररी म्हणजे विटा. ॲप बांधण्यापुरती लागणारी साधने म्हणजे सेंट्रिंग. ग्रेडलच्या स्क्रिप्टमध्ये या दोहोंसाठी दोन स्वतंत्र क्लासपाथ असतात. ॲपच्या लायब्ररींची यादी एका ठिकाणी असते. 'बिल्डस्क्रिप्ट' नावाच्या वेगळ्या कप्प्यात 'क्लासपाथ' या शब्दापुढे लिहितात ती बांधणीच्या साधनांची यादी. अँड्रॉइडचे ॲप बांधणारे गुगलचे साधनही अनेक वर्षे याच कप्प्यात लिहिले जात असे.

नवशिक्या प्रोग्रॅमरचा नेहमीचा गोंधळ इथेच होतो. बांधणीचे साधन ॲपच्या यादीत लिहिले, तर ते बांधणीच्या वेळी सापडत नाही. ॲपची लायब्ररी बांधणीच्या कप्प्यात लिहिली, तर ॲपला ती मिळत नाही. ही चूक लगेच उघड होते, कारण काम अडते. धोकादायक चूक निराळी आहे. विटांची यादी काळजीपूर्वक तपासली जाते आणि सेंट्रिंगची यादी कोणी पाहतच नाही.

साधनाची रचनाही या दुर्लक्षाला हातभार लावते. प्रकल्पातील सर्व लायब्ररी दाखवा, अशी 'डिपेंडन्सीज' ही आज्ञा ग्रेडलला दिली, की ॲपच्या लायब्ररींचा वृक्ष समोर येतो. बांधणीच्या साधनांचा वृक्ष त्यात नसतो. तो पाहण्यासाठी 'बिल्डएन्व्हायर्नमेंट' ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. आवृत्त्या पक्क्या करून त्यांना कुलूप लावण्याची सोय ग्रेडलमध्ये आहे. पण प्रकल्पातील सर्व याद्यांना कुलूप लावा, असे सांगितले तरी बिल्डस्क्रिप्टच्या क्लासपाथला ते लागत नाही. त्यासाठी त्या कप्प्यात वेगळी सूचना लिहावी लागते. ज्याला हे ठाऊक नाही, तो घराला कुलूप लावून मागचे दार उघडे ठेवतो आणि आपण सुरक्षित आहोत, असे समजतो.

वास्तविक मागच्या दारानेच अधिक मोठे नुकसान होऊ शकते. बांधणीच्या वेळी चालणारी साधने ज्या यंत्रावर चालतात, तेथे मूळ मजकूर असतो, सर्व्हरचे पासवर्ड असतात आणि ॲपवर अधिकृत सही करण्याची किल्लीही बहुधा असते. डिसेंबर २०२० मध्ये उघडकीस आलेला अमेरिकेतील सोलरविंड्स कंपनीवरील हल्ला असाच होता. हल्लेखोरांनी कंपनीच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर कायमचा बदलला नाही. बांधणी चालू असताना एक फाइल गुपचूप बदलली. कंपनीच्या अधिकृत सहीनिशी ते सदोष सॉफ्टवेअर सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत पोहोचले. त्यांत अमेरिकेची सरकारी खातीही होती. सही खरी होती, कंपनी खरी होती. सेंट्रिंग तेवढे बिघडविलेले होते.

माहीतच नसलेली लायब्ररी

विटांची यादी तरी पूर्ण असते का, याची परीक्षा डिसेंबर २०२१ मध्ये झाली. लॉग-फोर-जे ही जावा प्रोग्रॅमच्या नोंदी ठेवणारी लायब्ररी. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या छत्राखाली मोजके स्वयंसेवक ती सांभाळतात. अलिबाबा कंपनीच्या सुरक्षा पथकाने २४ नोव्हेंबर रोजी तिच्यातील दोष कळविला आणि ९ डिसेंबरला तो जगजाहीर झाला. नोंदीत विशिष्ट मजकूर आला, की लायब्ररी बाहेरच्या सर्व्हरवरून प्रोग्रॅम आणून चालवू शकत होती. धोक्याच्या मोजपट्टीवर त्याला दहापैकी दहा गुण मिळाले. भारताच्या सर्ट-इन या संस्थेनेही तातडीने सूचना जारी केली.

त्या दिवसांत जगभरातील कार्यालयांत एकच प्रश्न विचारला जात होता. आपल्याकडे ही लायब्ररी आहे का? उत्तर सोपे नव्हते. गुगलच्या अभियंत्यांनी तेव्हा केलेल्या पाहणीत मेव्हन सेंट्रल या जावाच्या मुख्य भांडारातील ३५ हजारांहून अधिक पॅकेजेसना, म्हणजे भांडारातील आठ टक्क्यांहून अधिक साठ्याला, या दोषाची बाधा झाल्याचे आढळले. त्यातील बहुतेक पॅकेजेसनी ही लायब्ररी थेट मागविलेली नव्हती. कोणाच्या तरी मागून, चार-पाच पायऱ्यांवरून ती आलेली होती. दुरुस्ती करणे हे काही तासांचे काम. ती कोठे करायची, हे शोधण्यातच अनेकांचे आठवडे गेले. ज्यांच्याकडे घटकांची यादी तयार होती, त्यांना एका नजरेत उत्तर मिळाले.

भांडार बंद पडले तर?

दोष सुरक्षेचाच असतो असे नाही. माल जेथून येतो, ते भांडारच बंद पडू शकते. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रॅमरने नावाच्या वादातून आपल्या लायब्ररी एनपीएम या भांडारातून काढून घेतल्या. त्यात 'लेफ्ट-पॅड' ही अवघ्या ११ ओळींची लायब्ररी होती. तिच्याविना जगभरातील असंख्य प्रकल्पांची बांधणी थांबली. अँड्रॉइडच्या जगात याहून संथ, पण दीर्घ परिणामाची घटना २०२१ मध्ये घडली. जेफ्रॉग कंपनीने ३ फेब्रुवारी रोजी जेसेंटर हे भांडार बंद करण्याची घोषणा केली. अँड्रॉइडच्या नव्या प्रकल्पांत अनेक वर्षे हेच भांडार आपोआप लिहून येत असे. पुढे ते केवळ वाचनासाठी खुले राहिले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच्याकडे येणाऱ्या मागण्या मेव्हन सेंट्रलकडे वळविण्यात आल्या. जी लायब्ररी केवळ जेसेंटरवर होती, ती त्यानंतर त्या वाटेने मिळेनाशी झाली. ज्या प्रकल्पांच्या स्क्रिप्टला वर्षानुवर्षे कोणी हात लावला नव्हता, त्यांचा मूळ मजकूर शाबूत राहिला. पण त्यातून ॲप पुन्हा बांधणे कठीण झाले.

याचा फटका शेवटी मोबाइल वापरणाऱ्याला बसतो. ॲपने अँड्रॉइडच्या अलीकडच्या आवृत्तीला अनुसरून असावे, ही गुगल प्लेची अट दरवर्षी पुढे सरकते. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या ॲपसाठी आणि सुधारणांसाठी अँड्रॉइड १५ चा निकष लागू झाला. फार मागे राहिलेले ॲप नव्या मोबाइलवर नव्या वापरकर्त्याला प्ले स्टोअरमध्ये दिसत नाही. निकष पाळायचा, तर बांधणीची साधने नवी करावी लागतात. ती नवी केली, की जुन्या लायब्ररी कुरकुरतात. म्हणजे सरकारी ॲप एकदा तयार करून विषय संपत नाही. विहीर खोदली, तरी दरवर्षी गाळ काढावाच लागतो, तसे हे आहे. ज्या करारात केवळ ॲप बनविण्याचा खर्च धरला आणि देखभालीचा धरला नाही, तो करार दोन-तीन वर्षांत शेतकऱ्याला तलाठ्याच्या दारात परत नेतो.

नावात फसगत

भांडार चालू असले, तरी त्यातून योग्य माल येतो का, हा आणखी एक प्रश्न. फेब्रुवारी २०२१ मध्ये अलेक्स बिरसान या संशोधकाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मोठ्या कंपन्या आपल्या अंतर्गत लायब्ररींना जी नावे देतात, त्याच नावांच्या, पण अधिक मोठ्या आवृत्तिक्रमांकाच्या लायब्ररी त्याने सार्वजनिक भांडारांत ठेवल्या. बांधणीची साधने नवी आवृत्ती शोधत सार्वजनिक भांडारात गेली आणि त्याची लायब्ररी घेऊन आली. ॲपल, मायक्रोसॉफ्ट, पेपाल यांसह ३५ हून अधिक कंपन्यांच्या यंत्रणेत त्याला असा प्रवेश मिळाला. त्याचा हेतू दोष दाखवून देण्याचा होता. प्रत्येकाचा तसा असेलच असे नाही. बाजारात नामांकित वाणाच्या नावाने बोगस बियाणे विकले जाते, त्याचेच हे संगणकीय रूप.

यावरचे उपाय गूढ नाहीत. कोणती लायब्ररी कोणत्या भांडारातून आणायची, हे स्क्रिप्टमध्ये बांधून देता येते. आवृत्तीच्या जागी 'जी नवी असेल ती' असे न लिहिता नेमका क्रमांक लिहिता येतो. २०२० मध्ये आलेल्या ग्रेडल ६.२ पासून प्रत्येक लायब्ररीची संगणकीय खूण आधी नोंदवून, आणलेला माल तिच्याशी ताडून पाहण्याची सोय आहे आणि ही पडताळणी बांधणीच्या साधनांनाही लागू होते. मोठ्या संस्था तर बाहेरून येणारा सारा माल आधी स्वतःच्या भांडारात आणून, तपासून मगच वापरू देतात.

तथापि या उपायांनाही दुसरी बाजू आहे. क्रमांक पक्का केला आणि कुलूप लावून विसरले, तर जुना दोषही कुलूपबंद होऊन राहतो. जेनकिन्सच्या बाबतीत दुरुस्त आवृत्ती उपलब्ध असूनही सदोष सर्व्हर चालूच राहिला, हे विसरता येत नाही. दुसरीकडे, येईल ती नवी आवृत्ती डोळे झाकून घेतली, तर मार्च २०२४ मधील एक्सझेड प्रकरण आठवावे लागते. लिनक्सवरील त्या लायब्ररीच्या दोन नव्या आवृत्त्यांतच चोरदार बसविलेले होते आणि एका जागरूक अभियंत्याला यंत्र किंचित मंद चालल्याचा संशय आला, म्हणून ते वेळीच सापडले. कुलूप आणि नियमित तपासणी ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या जबाबदारीवर असली, तरच त्यांचा उपयोग होतो.

नियम काय सांगतात?

सरकारच्या पातळीवर हालचाल झाली आहे. सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांच्या यादीविषयी तांत्रिक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. सरकारी खाती, सार्वजनिक उपक्रम, अत्यावश्यक सेवा आणि सॉफ्टवेअर उद्योग यांच्यासाठी त्या आहेत. जुलै २०२५ मध्ये त्यांची विस्तारित आवृत्ती आली. शेअर बाजाराच्या क्षेत्रात सेबीने ऑगस्ट २०२४ च्या सायबर सुरक्षा चौकटीत महत्त्वाच्या प्रणालींसाठी अशी यादी मागितली. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला असून, त्यातील प्रमुख बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होणार आहेत. सॉफ्टवेअर निर्यात करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कंपन्यांना त्यामुळे याद्या तयार कराव्याच लागतील. परदेशी ग्राहकाला जी यादी मिळेल, ती गावातल्या खातेदाराच्या बँकेला आणि शेतकऱ्याच्या ॲपला मिळणार की नाही, हा खरा प्रश्न आहे.

सर्ट-इनच्या सूचना मार्गदर्शक आहेत. त्यांना बळ येते ते खरेदीच्या करारातून. निविदेत यादीची अट नसेल, तर कमीत कमी दराने काम घेणारा ती आपणहून देणार नाही, हे उघड आहे. अट घातली, तरी कागदावर विटांची यादी येईल आणि सेंट्रिंगची राहून जाईल, ही शक्यता मोठी आहे. म्हणून अटीत तीन गोष्टी स्पष्ट असणे आवश्यक आहे. तयार सॉफ्टवेअरमधील लायब्ररींबरोबर बांधणीच्या साधनांचीही यादी द्यावी. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर ती नव्याने द्यावी. आणि एखाद्या घटकातील दोष जाहीर झाल्यावर किती दिवसांत दुरुस्ती होईल, हे आधी ठरावे. यातील पहिल्या दोन गोष्टींना फारसा खर्च नाही. त्या याद्या बिल्ड स्क्रिप्टमधूनच आपोआप निघू शकतात. तिसरीला खर्च आहे आणि तो करारात धरावाच लागेल.

अशी यादी उघड केली, तर हल्लेखोरांनाच वाट दाखविल्यासारखे होईल, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. मात्र यादी चव्हाट्यावर मांडावी, असे कोणी म्हणत नाही. ती विकत घेणाऱ्या बँकेकडे वा खात्याकडे असावी आणि दोष जाहीर होताच ती ताडून पाहणारा माणूस तेथे असावा, एवढेच अपेक्षित आहे. हल्लेखोर यादीची वाट पाहत बसत नाहीत. उघडी दारे ते स्वतः चाचपून पाहतात. यादी नसल्याने अंधारात राहतो तो घरमालक.

लहान संस्थांपुढे माणसाचा प्रश्न खराच आहे. एखाद्या सहकारी बँकेला स्वतंत्र सुरक्षा विभाग परवडत नाही. पण यादी वाचण्यासाठी फार मोठ्या पदव्या लागत नाहीत. वरवट बकालहून शेगाव जवळ आहे आणि तेथे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून चालू आहे. विदर्भातील अशा महाविद्यालयांतून दरवर्षी संगणक अभियंते बाहेर पडतात. प्रोग्रॅम लिहिण्याबरोबर तो कशापासून बांधला गेला, हे वाचण्याचे शिक्षण त्यांना मिळाले आणि परिसरातील बँका, बाजार समित्या यांनी त्यांना त्या कामाला लावले, तर या कामासाठी बंगळूरुकडे पाहण्याची गरज उरणार नाही.

२०२० च्या खरिपात सोयाबीनचे बियाणे उगवले नाही, म्हणून राज्यभर तक्रारींचा पाऊस पडला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. ते शक्य झाले, कारण शेतकऱ्याच्या हातात पिशवी होती, पिशवीवर लॉट क्रमांक होता आणि विकणाऱ्याचे नाव होते. लेबलामुळे बियाणे उगवत नाही. पण न उगवल्यास जाब कोणाला विचारायचा, हे ठरते. बँकेचा व्यवहार अडला किंवा पिकाची नोंद झाली नाही, तर शेतकऱ्याला आज एवढेच उत्तर मिळते, की 'सर्व्हर डाउन आहे.' त्या उत्तरामागे कोणता घटक, कोणती आवृत्ती आणि कोणाची जबाबदारी, हे सांगणारे लेबल जोवर तयार होत नाही, तोवर वरवट बकालच्या शेतकऱ्याला पिशवीतल्या बियाण्याविषयी जेवढे कळते, तेवढेही त्याच्या खिशातल्या ॲपविषयी कळणार नाही.